व्हरांड्यातली तपासणी

आमच्या घरी त्याला बूट म्हणत, दवाखान्यात कॅलिपर. दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि गुडघ्याखाली चामड्याचे पट्टे, तळाशी जाड टाचेचा काळा बूट. लहानपणी ताप येऊन माझा उजवा पाय गेला, तेव्हापासून मी याच लोखंडावर चालत आले. पोरगी वाढते, लोखंड वाढत नाही. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी अमरावतीहून अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं, पाय दाखवायचा आणि नवा बूट मिळण्याची वाट पाहत बसायचं, हे आमच्या घरचं ठरलेलं काम होतं. एखादं लग्न चुकायचं, पण अकोला चुकायचं नाही.

बडनेऱ्याहून पॅसेंजर, स्टेशनवरून टांगा, आणि मग तो व्हरांडा. त्या व्हरांड्याचा मला अजून राग आहे. बूटवाल्यांची तपासणी तिथंच होई, कारण डॉक्टरांना आमची चाल पाहायची असे आणि आतली खोली आखूड होती. चपराशी ओरडायचा, "ए लंगडी, हो पुढं." मी पुढं व्हायची. बूट काढायचा, परकर मांडीपर्यंत वर धरायचा आणि भिंतीच्या आधारानं या खांबापासून त्या खांबापर्यंत जाऊन यायचं. समोर डोळ्यांचे, दम्याचे, तापाचे असे सगळे रोगी रांगेत बसलेले असत आणि त्यांनाही वेळ घालवायला काहीतरी हवंच असे. डॉक्टर माझी मांडी दाबून आईला विचारायचे, "हिला कुठं टोचतं?" आई सांगायची. अंदाजानंच सांगायची बिचारी, आणि दरवेळी नवा बूट भलत्याच ठिकाणी टोचायचा.

लहान होते तोवर मी सोसलं. मॅट्रिक झाले, पातळ नेसायला लागले, आणि घरात सांगून टाकलं की त्या व्हरांड्यात मी आता पाय उघडा करणार नाही. आम्हाला पडदा लावून तपासा आणि नावानं बोलवा, एवढंच माझं मागणं होतं. वडील मास्तर. रीतसर विचारलं की मिळतं, यावर त्यांचा फार विश्वास. ते अकोल्याला गेले. एका टेबलानं त्यांना दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यानं सांगितलं की पडदा आमच्या खात्यात येत नाही. पुढं आमचा मुलूख दुसऱ्या राज्यात गेला, दवाखान्यावरची पाटी नवी झाली, आणि वडील पुन्हा पहिल्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. परत आले की टोपी खुंटीला अडकवून पोरांच्या वह्या तपासायला बसत. त्यांच्याकडे पाहून मलाच थकल्यासारखं व्हायचं.

इकडे जुना बूट इतका आखूड झाला की चालताना कंबर एका अंगाला कलायची आणि संध्याकाळी पाठ धरायची. मला मास्तरीण व्हायचं होतं. शिक्षिकांच्या ट्रेनिंगच्या वर्गात जागा मिळाली होती, पण तिथवर जायला पाय तरी हवा. नवा बूट नाही मिळाला, तर जन्मभर घरी बसून गहू निवडायचे, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"काहून हट्ट करून राहिली?" आई म्हणाली. "डोळे मीट आणि एकदा दाखवून टाक. सगळ्याच बायका काही ना काही सोसतात."

"मी नाही सोसत," मी म्हटलं, आणि तरीही तिच्याबरोबर गाडीत बसले.

त्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर आमच्या शेजारी दर्यापूरकडची एक शेतकरीण होती. तिची मुलगी माझ्याहून थोडी लहान, पायात तसाच बूट, मान खाली. बाईनं आईची सगळी चौकशी केली, नवरा मास्तर आहे हेही काढून घेतलं, आपल्या घरचं सगळं सांगितलं, आणि दवाखाना उरकून जुन्या शहरात भावाकडे राहायला जायचं आहे असंही सांगितलं. मांडीवर गाठोडं होतं. एवढ्यात चपराशी ओरडला, "ए लंगडी."

मी उठले नाही. "नाव घेऊन बोलवा," मी म्हटलं, "आणि पडदा लावा. मग येते."

डॉक्टर नवे होते, पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "इतकी माणसं खोळंबलीत," ते म्हणाले. "मी पडदा कुठून आणू?"

दर्यापूरची बाई उभी राहिली. "पडदा नाई म्हून पोरीनं चारचौघांत मांडी उघडी कराची काय, साहेब? तुमच्या घरची पोर असती तं असं चालवलं असतं काय?"

"बाई, भांडू नका."

"भांडून नाई राहिली. बोलून राहिली."

तिनं गाठोडं सोडलं, आतलं धुतलेलं नऊवारी लुगडं काढलं, एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरं आईपुढं धरलं. "मास्तरीणबाई, धरा." मला डोळे मिटायला सांगणारी माझी आई उठली आणि तिनं ते धरलं. मधला भाग रांगेतल्या दोघींनी उचलला. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अंतरपाट झाला, आता अक्षता वाटा." सगळे हसले. मला आधी रागच आला. मग लक्षात आलं की या व्हरांड्यातलं हे पहिलंच हसणं होतं, जे माझ्या पायाला नव्हतं.

मी उठून लुगड्यामागं गेले आणि बूट काढला, तसे डॉक्टर वळसा घालून आत आले. सवयीनं त्यांनी विचारलं, "हिला कुठं टोचतं?"

पलीकडून आईचा आवाज आला, "तिलाच विचारा. मला इकडून दिसत नाही."

मग त्यांनी मला विचारलं. मी नेहमीसारखी मान वळवून आईकडे पाहायला गेले, तर समोर नुसतं कापड. इतकी वर्षं पाय माझा होता, आणि त्याच्याबद्दल सांगायला माझ्याजवळ शब्दच तयार नव्हते. रडू आलं. मग सांगायला लागले. मांडीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडाला, पाऊस आला की गुडघ्याच्या मागे. मी थांबले की ते म्हणत, "आणखी?"

माझ्यानंतर दर्यापूरची पोर आत गेली, तिच्यामागून उरलेल्या. आईचे हात भरून आले होते, पण शेवटची मुलगी होईपर्यंत तिनं ते खाली घेतले नाहीत.

काही महिन्यांनी बूट आला. न टोचणारा तो माझा पहिला बूट. तो घालून मी शिकले, त्याच्याच बळावर शाळेत लागले. पुढच्या खेपेला पुन्हा अकोल्याला गेलो, तेव्हा त्या डॉक्टरांची बदली झाली होती. व्हरांड्यात पडदा नव्हता. चपराशानं माझ्याकडे बघून आवाज दिला, "ए लंगडी, हो पुढं." आईनं पिशवीतून घरून आणलेलं लुगडं काढलं आणि त्याचं टोक खांबाला बांधायला लागली.