भानुभाभीची चव

भानुभाभी माझी थोरली जाऊ. भावनगरच्या आमच्या गल्लीत तिच्याइतकी सुखी बाई नव्हती, कारण तिचं सुख ताटलीत मावायचं. गरम गाठिया, सोबत कच्च्या पपईचा संभारो. पहिल्या घासाला ती डोळे मिटायची. आम्ही बाकीच्या तपात सुख शोधणाऱ्या. मी सलग आठ दिवसांचे उपास केलेली.

"जिभेची गुलाम!" आमच्या सासूबाई, बा, तिला म्हणायच्या. "पुढल्या जन्मी उंदीर होशील, डब्यातच राहशील."

"कुणाच्या घरचा डबा ते सांगा बा, मग ठरवते."

एका चातुर्मासात तिच्या नवऱ्यानं, मोटाभाईंनी, साध्वीजींचा मुक्काम असलेल्या जैन उपाश्रयात चारचौघांत सांगून टाकलं, भानु महिन्याचे उपास करणार. तीस दिवस नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. भाभी बसली उपासाला.

बाविसाव्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "मुगाचं पाणी दे गं, दोन चमचे. उपासाचा नेम रोजचा रोज घ्यायचा असतो. आज नाही घेत मी."

"पारण्याच्या पत्रिका वाटून झाल्या भाभी. मिरवणुकीचा बँड ठरलाय."

"वाजवू दे त्यांना. मला मूग दे."

तेवढ्यात साध्वीजी नेम द्यायला आल्या. सूत्र म्हणताना त्यांची नजर खाली असते. भाभीचे हात मांडीवर पडले होते. मी तिच्यामागे बसले, ते हात उचलून जोडले आणि तसेच धरून ठेवले. तिनं सोडवायचा प्रयत्न केला, जोर नव्हता. होकारही मीच भरला. पुण्याच्या कामाला हात लावतेय, असंच मला वाटत होतं.

तीस दिवस पुरे झाले. बग्गी निघाली, बायका तिच्या पाया पडल्या. पारण्याला बांनी मुगाचं पाणी पाजलं. "कसं लागतंय?"

भाभीनं ते बराच वेळ तोंडात घोळवलं. "पाणीच आहे की."

चव परत आली नाही. डॉक्टर म्हणाले होते येईल. अकरा वर्षं झाली. बा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माझ्या भानुनं जीभ जिंकली."

जेवताना भाभी माझ्याशेजारी बसते. "आज कसं झालंय गं?"

मी सांगते. आंबट आहे, मागून जरा तिखट लागतं. ती डोळे मिटून ऐकते.

काल मध्येच थांबवून म्हणाली, "नीट सांगत नाहीस तू. हात तेवढे नीट धरले होतेस."