पुढच्या बाजूची यूएसबी

वडलांना आम्ही आप्पा म्हणायचो. गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात काढली. घरात मात्र अव्वाशी, म्हणजे माझ्या आईशी, कानडीच बोलायचे. निवृत्त झाल्यावर दोघं माझ्याकडे कोल्हापुरात राहायला आली आणि दुसऱ्याच वर्षी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. फळ्यावर सुरेख वळणदार लिहिणाऱ्या माणसाला साधी सही जमेना.

घरात माझा जुना कॉम्प्युटर होता. डाव्या हाताच्या एका बोटानं ते त्यावर शब्द टिपू लागले. सीमेवरच्या गावांत अर्धे मराठी, अर्धे कानडी असे जे शब्द चालतात ते सगळे. औताचे, चुलीपुढचे, भांडणातलेसुद्धा. अव्वा भाकरी थापता थापता एखादा शब्द सांगायची, आप्पा तो अर्थासकट घालायचे. दोन वर्षं हे चाललं. कागदावर यातलं काहीच नव्हतं, कारण कागदावर त्यांना लिहिताच येत नव्हतं.

पेनड्राइव्ह नव्यानं मिळू लागले होते तेव्हाची ही गोष्ट. कॉम्प्युटर फार रखडायला लागला, म्हणून राजारामपुरीतल्या एका दुकानातून मी नवा मदरबोर्ड आणि नवी हार्ड डिस्क आणली. जुनी डिस्क बदल्यात दिली. त्याआधी आप्पांचं सगळं काम पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं. कॉम्प्युटरची पेटी तेवढी जुनीच ठेवली. तिच्या यूएसबीच्या जागा मागं, भिंतीकडं होत्या. आप्पांना तिथवर वाकता येत नव्हतं. प्रत्येक वेळी माझी वाट बघायला नको, म्हणून मी पेटीच्या पुढं बसवायची यूएसबीची पट्टी घेतली. घेऊन या, बसवून देतो, असं दुकानदार म्हणाला होता. मी घरीच बसवली.

पट्टीच्या मागून सुट्या तारा निघत होत्या: लाल, पांढरी, हिरवी, काळी. मदरबोर्डाच्या कोपऱ्यातल्या बारीक पिनांवर त्या एकेक करून खोचायच्या होत्या. पुस्तिकेतली आकृती माझ्याकडून उलटी धरली गेली. लाल तारेच्या जागी काळी बसली, काळीच्या जागी लाल. कॉम्प्युटर नीट सुरू झाला, त्यामुळं शंकाही आली नाही.

या सगळ्यात आठवडा गेला होता आणि आप्पांचं काम अजून पेनड्राइव्हवरच होतं, नव्या डिस्कवर घ्यायचं राहिलं होतं. पहिल्यांदा तुम्हीच लावा, असं मी आप्पांना म्हणालो. त्यांनी खुर्ची पुढं ओढून घेतली, डाव्या हातानं पेनड्राइव्ह हळूच आत सारला आणि माझ्याकडं बघितलं. पेनड्राइव्हचा दिवा लागला नाही. थोड्या वेळानं जळका वास आला. मी तो ओढून काढला तर बोटांना चटका बसला.

आप्पा आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिले. म्हणाले, "ह्यो बी हात गेला म्हणायचा."

मी पेटी उघडली. लाल आणि काळी तार कुठं बसलीय ते लगेच दिसलं. पेटी बंद केली आणि जुन्या डिस्कसाठी दुकानाकडं निघालो.

"पावणं, ती गेली की," दुकानदार म्हणाला. "फॉरमॅट मारून जयसिंगपूरच्या गिऱ्हाइकाला दिली."

त्या गिऱ्हाइकाचा पत्ता काढून मी एसटीनं जयसिंगपूरला गेलो. माणूस भला होता. पण डिस्कवर त्याचं स्वतःचं काम भरून झालं होतं. जळका पेनड्राइव्ह दोन ठिकाणी दाखवला. दोघांनीही तो उघडून बघितला आणि परत दिला.

आप्पा पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसले नाहीत. मालिशवाल्यालाही नको म्हणू लागले. डाव्या हातानं जेवायचे, तेही बंद केलं, अव्वा भरवायची. तो हात धडधाकट होता. रोज वाटायचं, आज सांगू. दोन महिने गेले. शेवटी एका दुपारी त्यांच्या कॉटशेजारी बसून सांगितलं, की तारा मी उलट्या लावल्या होत्या, तुमच्या हाताचा काही दोष नाही.



"तवाच सांगायचं हुतंस," एवढंच म्हणाले, आणि कूस बदलली.

त्या हातानं त्यांनी नंतरही काही धरलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. दिवसकार्य उरकल्यावर मी वही घेऊन अव्वाजवळ बसलो. तुला आठवतील तेवढे शब्द सांग, म्हणालो. तिनं आठवून बघितलं. सात-आठ सांगितले, त्यातलेही दोन तेच तेच.

मग म्हणाली, "ते इचारायचे, तवा मला आठवायचं."