मावशीची उसवलेली गोधडी

माझ्या मावशीच्या नाकावर कायम राग असायचा. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. उमेदीची सगळी वर्षं तिनं शेजारच्या सीटवर घालवली, पायाखाली तो जास्तीचा ब्रेक आणि तोंडात "क्लच, क्लच, अहो क्लच." रस्त्यात कुणी उलट्या बाजूनं घुसला की ती काच खाली करून विचारायची, "कुणी शिकवलं रे तुला?" एकदोनदा समोरून उत्तर आलं होतं, "तुम्हीच, मॅडम." त्या दिवशी घरी कुणाची खैर नसायची.

तिचा गुडघा गेला तोही दुसऱ्याच्या पायामुळं. एक मोठे साहेब शिकायला येत होते. त्यांना आपण चुकू शकतो हेच मान्य नव्हतं. एका वळणावर त्यांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला, मावशीनं सगळा जोर लावून आपला ब्रेक दाबला, तरी गाडी एका गोदामाच्या भिंतीवर जाऊन बसली. साहेबांना ओरखडासुद्धा नाही. मावशीचा डावा गुडघा मात्र डॅशबोर्डखाली असा पिळला गेला की ऑपरेशन करावं लागलं. साहेब भेटायला आले आणि खुर्चीत टेकता टेकता म्हणाले की मॅडम, तुम्ही ब्रेक जरा उशिरा मारलात. मावशी पलंगावरून उठू शकत नव्हती म्हणून ते धडपणे घरी गेले.

त्यावर ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन. गुडघा महत्त्वाचा, आता आराम करा, तुमच्या गाडीवर दुसरा माणूस ठेवलाय. आराम हा शब्द ऐकला की मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पाय स्टुलावर ठेवून ती दिवसभर खिडकीतून खालची वाहतूक बघायची आणि वरूनच लोकांना शिकवायची. काका, म्हणजे तिचा नवरा, मऊ स्वभावाचे. विजेचे मीटर तपासण्याच्या कामातून निवृत्त झालेले. ते पेपर घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसायचे, कारण तिथं तिचा आवाज जरा कमी यायचा.

अशातच एके दिवशी काकांनी कपाटावरची ट्रंक खाली काढली. जुने कपडे कुणाला तरी देऊन टाकावेत असा त्यांचा विचार होता. मावशीनं झाकण उघडलं आणि एकेक कपडा मांडीवर घेऊन बघत बसली. विटलेले कुर्ते, पहिल्या भाड्याच्या खोलीचा निळा पडदा, आणि एक जाडं नारिंगी जॅकेट. शिकवण्याचा परवाना मिळवायला ती गेली तेव्हा हेच जॅकेट अंगात होतं. तिथं बसलेले परीक्षक तिला बघून हसले होते आणि अर्ध्या तासानं त्यांनीच सही केली होती. तिनं काकांना कात्री मागितली. कशाला, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, "गोधडी करणार."

काकांना आधी हसूच आलं. त्या घरात शर्टाची बटणं काका लावायचे. मावशीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. कुणासाठी करणार, असं त्यांनी विचारलं. पुढं सगळ्यांनीच हे विचारलं, माझ्या आईनं, शेजारणीनं, फोनवरून तिच्या मुलानं. प्रत्येकाला मावशीनं सांगितलं की माझ्यासाठी, माझे पाय गार पडतात. यात कुणाला काय कळत नव्हतं देव जाणे, पण लोक म्हणायचे, हो, पण म्हणजे कुणासाठी?

मग तिनं जे सुरू केलं ते बघण्यासारखं होतं. फोनवर मोठ्या आवाजात व्हिडिओ लावून ती शिकायची आणि त्यातल्या बाईला मध्येच थांबवून "हळू सांग की जरा" म्हणून दटावायची. काकांना बाजारात पिटाळून तिनं सुया आणल्या, त्या बारीक निघाल्या म्हणून जाड्या आणल्या, खडू आणला, बोटात घालायचं अंगुस्तान आणलं. पहिले चार तुकडे तिनं मोठ्या प्रेमानं जोडले आणि उठताना कळलं की ते तिच्या गाऊनलाही जोडले गेलेत. बोटांना इतकी भोकं पडली की मीठ-मसाल्यात हात घालवेना. टाके तर असे, की एक तांदळाएवढा, दुसरा बोटाएवढा, आणि तिसरा कुठं गेला ते शोधावं लागे. काका म्हणाले, रस्ता फार वळणाचा आहे. ती चिडली नाही. मला फोन करून तिनं हा विनोद स्वतः सांगितला, तेव्हा मी चाटच पडले. सकाळी उठल्या उठल्या ती गोधडी पुढ्यात ओढायची. नारिंगी तुकडा तिनं मधोमध बसवला होता. तो इतका जाड होता की सुई आरपार काढायला पक्कड घ्यावी लागायची.

काकांची मोठी बहीण लेडीज टेलर. तिचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं आणि हातात खरंच कला होती. तिच्या हातचा ब्लाउज कधी परत दुरुस्तीला आला नाही, असं सगळेच सांगायचे, तीही सांगायची. ती येता-जाता गोधडी उचलून बघायची आणि ओठ मिटून खाली ठेवायची. एकदा म्हणाली, दे माझ्याकडे, मशीनवर एका दुपारचं काम आहे. मावशीनं सांगितलं की ताई, असू दे, मी करते. ताईंनी मान डोलावली. ती मान कशासाठी डोलत होती ते नंतर कळलं.

पुढं माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मावशी काठी टेकत काही दिवस आमच्याकडे राहायला आली. तोवर फक्त चारी बाजूंची पट्टी लावायची राहिली होती; गोधडी मात्र ती घरीच ठेवून आली. आमच्याकडे ती दुसरं काही बोललीच नाही. आईच्या डोळ्यात थेंब घालता घालता विचारायची की पट्टीला हिरवा रंग घेऊ की तपकिरी. शेवटी तिला घरी सोडायला मी गाडी काढली. वाटेत तिनं माझे तीन गिअर चुकीचे ठरवले, पण आवाजात धार नव्हती.

दार उघडलं तर ताई आधीच येऊन बसल्या होत्या. काका चहा ठेवत होते आणि नको तितके खूश दिसत होते. मधल्या टेबलावर पारदर्शक पिशवीत काहीतरी इस्त्री करून घडी घालून ठेवलं होतं. ताईंनी ते बाहेर काढून दोन्ही हातांनी झटकून पसरलं.

गोधडीच होती ती. सगळे तुकडे काटकोनात, शिवण आखल्यासारखी, चारी बाजूंना तपकिरी पट्टी, कोपरे टोकदार. मधोमध नारिंगीच्या जागी बदामी रंगाचा, बारीक फुलांचा तुकडा.

"आता बघ वहिनी," ताई म्हणाल्या, "दुकानात टांगली तरी कुणी नावं ठेवणार नाही."

काकांनी फोन पुढं केला. नात्यातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'हिची पहिली गोधडी!' आणि त्याखाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग. मावशीनं फोनकडे बघितलं नाही. ती काठी भिंतीला टेकवून खुर्चीत बसली, गोधडी मांडीवर ओढली आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

"माझे टाके कुठे आहेत?" तिनं विचारलं.

"उसवले," ताई म्हणाल्या. "फार वाकडे होते गं. एका धुण्यात निघाले असते."

"निघाले असते तर मी परत घातले असते."

काका मध्ये पडले. ताईनं दुकानातली कामं बाजूला ठेवून, मान मोडून हे केलं, तुला आनंद व्हावा म्हणून केलं, आणि तू उठता-बसता दुसऱ्यांच्या चुका काढतेस, तुझा पाय तर कायम ब्रेकवरच असतो, असं ते एका दमात बोलून गेले. त्यांना वाटलं असावं की बिनतोड बोललो.

मावशीचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "समोर भिंत आली तर मारते मी ब्रेक," ती म्हणाली. "इथं कुठली भिंत होती? माझ्या वाकड्या टाक्यानं कुणाचा जीव जाणार होता? आणि शिकणाऱ्याला सीटवरून उठवून, गाडी त्याच्या दारात लावून, घ्या, आली तुम्हाला गाडी, असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही."

ताईंच्या डोळ्यात पाणी आलं. त्या म्हणाल्या की चांगलं करायला जावं तर हे असं. मावशीनं सांगितलं की छान झालीये, ताई, तुमच्या हाताला तोड नाही, पण ही तुमची गोधडी आहे. मग तिनं विचारलं की नारिंगी तुकडा कुठे आहे. ताई म्हणाल्या की त्याला कसला तो वास, शिवाय मशीनची सुई मोडली त्यानं, दुकानातल्या चिंध्यांत टाकला.

मावशी उठली. मला म्हणाली, गाडी काढ.

दुकानामागच्या खोलीत चिंध्यांची पोती छातीएवढी रचलेली होती. ताई पाठोपाठ आल्या, कुलूप उघडून दारात उभ्या राहिल्या. मी शोधते म्हटलं तर मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी पाऊल मागं घेतलं. गुडघा वाकत नव्हता म्हणून ती सरळ जमिनीवर बसली, पाय लांब करून, आणि पोती पालथी करू लागली. अस्तरांचे तुकडे, लेस, बाह्यांची कातरणं, सगळं अंगावर ओढून घेत होती आणि तोंडानं बोलत होती. परीक्षकांना बोलली, साहेबांना बोलली, मालकांना बोलली, काकांना तर बोललीच. ताईंना मात्र एक शब्द नाही, आणि तेच ताईंना सोसेना. शेवटच्या पोत्यात तुकडा सापडला. एक कोपरा कात्रीनं छाटला गेला होता. मावशीनं तो मांडीवर ठेवून हातानं सरळ केला. मग मला हात धरून उठवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं उसवायला घेतलं. मशीनची टीप बारीक आणि घट्ट. टाके उसवायच्या आकडीनं एकेक टाका तोडायचा, दोरा ओढायचा, कापडाला भोकं राहतात ती नखानं मिटवायची. शिवायला लागला होता त्याहून जास्त वेळ उसवायला लागला. काकांनी एकदा न बोलता दुसरी आकडी उचलली. "ठेवा ती," ती म्हणाली. त्यांनी ठेवली. ते चहा करून तिच्या बाजूला ठेवायचे, ती प्यायची, पण दोघांत बोलणं नव्हतं. मी जायचे तेव्हा घरात फक्त दोरा तुटल्याचा आवाज. फोनवरची ती बाईसुद्धा आता बंद होती.

शिवण पुन्हा सुरू झाली तेव्हा मला वाटलं होतं की आधीची मजा परत येईल. तसं झालं नाही. आधी ती गुणगुणत शिवायची, आता दात दाबून. टाके वाकडेच होते, पण रागानं इतके आवळलेले की कापडाला चुण्या पडत होत्या. एका टोकाची संपूर्ण ओळ अशी गोळा झाली की तिनं स्वतःच ती उसवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मग कापड मांडीवर सैल टाकून पुन्हा हलक्या हातानं सुरुवात केली. नारिंगी तुकडा छाटलेल्या कोपऱ्यासकट मधोमध बसला, कोपऱ्याच्या जागी तिनं निळ्या पडद्याचं ठिगळ लावलं.

शेवटची गाठ तिनं मारली ती रविवारी दुपारी, माझ्या आईच्या आणि माझ्यासमोर. पट्टी हिरवी घेतली होती. दोरा दातानं तोडला, सुई दोऱ्याच्या रिळाला टोचून ठेवली, आणि गोधडी पलंगावर पसरून ती तिच्याकडे बघत उभी राहिली. एक बाजू दुसरीपेक्षा चांगली वीतभर लांब होती. मावशीनं तिच्यावरून तळवा फिरवला, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. "झाली," ती म्हणाली. आईनं नव्या डोळ्यानं बारकाईनं बघितलं आणि म्हणाली की अगं, ही तर अगदी तुझ्यासारखी झालीये. हे कौतुक होतं की काय, ते कुणी विचारलं नाही. मावशी चप्पल काढून पलंगावर चढली, गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि आम्ही पाहुण्या समोर असताना गाढ झोपली. तिचं घोरणं ऐकून काका दारात आले, पायांवरून सरकलेलं टोक नीट करावं म्हणून हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

राग गेला असं मी सांगणार नाही. जागी झाल्यावर तिनं काकांना पहिलं वाक्य हे सांगितलं की ग्रुपवरचा तो फोटो काढा आणि हा टाका. काकांनी टाकला. संध्याकाळपर्यंत एकही अंगठा आला नाही. मला काय त्याचं, असं म्हणत मावशीनं फोन पाच-सहा वेळा तरी उघडून बघितला. रात्रीच्या जेवणाआधी तिच्या मुलाचा निरोप आला, आई, ही आधीची का नंतरची? मावशीनं दोन बोटांनी उत्तर लिहिलं, 'माझी.'

ताई पुढच्या आठवड्यात आल्या. गोधडी उलटून पाठीमागच्या गाठी बघितल्या, जुन्या सवयीनं शिवण अंगठ्यानं ताणली.

"हा कोपरा ओढला गेलाय," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," मावशी म्हणाली, आणि त्यांच्या हातातून गोधडी काढून घेऊन पायांवर टाकली. मग काकांना हाक मारून ताईंसाठी चहा टाकायला सांगितलं.