एकतीस शेंगा

वर्षाचा फोन मी दोनदा कापला. कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होती, बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत अवघडून बसले होते, दोन कॉम्प्युटर सुरू व्हायला तयार नव्हते आणि मी लॅबभर नुसती धावत होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलून मी म्हणाले, "वर्षा, अर्ध्या तासानं करते गं." पलीकडून वर्षा नव्हे, तिचा शेजारी बोलला. वर्षाचा नवरा, आमचा मिलिंद, गेला होता. दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या, सकाळी अकराच्या सुमाराला. हृदय बंद पडलं. वय त्रेचाळीस... मी "बरं" म्हणाले. खरंच, "बरं" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून त्या दोन कॉम्प्युटरांकडे गेले. भान आलं तेव्हा मी नांदुऱ्याच्या एसटीत उभी होते. गाडी अर्धी रिकामी होती आणि मला बसवत नव्हतं.

मिलिंद माझा मावसभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघंही देऊळघाटच्या आजोळी वाढलो. तो सातवीत असताना आजोबांचा रेडिओ खोलून बसला, तेव्हा आजोबांनी त्याला मारलं नाही. रेडिओ जोडून होईपर्यंत जेवायला मात्र दिलं नाही. तो दुपारभर शांतपणे बसला आणि मी त्याच्याभोवती "झालं का, झालं का" करत घिरट्या घातल्या. आमचं पुढचं सगळं आयुष्य थोडक्यात असंच गेलं. मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायला लागले आणि त्यानं नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्याला दुकान टाकलं. टीव्ही, मिक्सर, इस्त्री सगळं दुरुस्त करायचा, पण जीव होता तो जुन्या गेमच्या डब्यांत. वीस वर्षांपूर्वीचे ते कन्सोल, टीव्हीला जोडून खेळायचे. त्यांचा सीडी वाचणारा डोळा म्हातारा होतो आणि नवा मिळत नाही. मग मिलिंद डबा उघडून आत जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसवायचा आणि सगळे खेळ तिच्यात भरायचा. ज्यांचं लहानपण त्या डब्यांत गेलं होतं, असे तिशीचे बाप्ये खामगाव-मलकापुराहून त्याच्याकडे यायचे आणि खेळ सुरू झाला की पोरांसारखे हसायचे.

या धंद्यातली मोठी तक्रार एकच, डबा मंद झाला. बटण दाबलं की खेळ उघडता उघडत नाही, पडदा काळाच्या काळा. मिलिंद त्याचं निदान शेंगांवर करायचा. हसू नका, खरंच सांगते. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पुडी कायम त्याच्या टेबलावर. बटण दाबायचं आणि शेंगा फोडून खायला लागायचं, एका लयीत, ना घाई ना आळस. चार शेंगांत खेळ उघडला तर डबा ठणठणीत, दहाच्या पुढे गेला तर आजारी. प्रत्येक डब्याला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर तो तो आकडा लिहायचा. मी चिडवायचे, "अरे, मोबाइलमध्ये घड्याळ आहे की." तर म्हणाला, "मोबाइलवर टाइम समजते, ताई. शेंगाईत कटाळा समजते. गिऱ्हाईक टाइम नाही मोजत, कटाळा मोजते." माझ्याकडे बघून पुढे म्हणाला, "तुह्यावर माप लावलं तं सारेच डबे बिमार निंघतीन."

ते खरंच होतं. माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी. दुधाला उकळी यायच्या आधी मी गॅस बंद करते, कॉम्प्युटर पुरता बंद व्हायच्या आत बटण खाली करते. आमच्या घाटात पाटी आहे, अति घाई संकटात नेई. ती वाचून होईस्तोवर माझी स्कूटी पुढच्या वळणावर असते. मिलिंदचा मात्र एक ठरलेला प्रश्न असायचा. गॅस बघितला न पुरा? कुलूप लावलं न पुरं? मी वैतागायचे.

चार वर्षांपूर्वी आमच्या लॅबमधले जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले. त्या कन्सोलांना लागतात तशा रुंद चपट्या पट्टीच्या डिस्का आता बाजारात मिळत नाहीत. मिलिंदनं भंगारवाल्याकडून बारा डिस्का घेतल्या आणि माझ्याकडे आणून दिल्या. लॅबमध्ये डिस्क तपासायची सोय होती. तपासणी दोन तऱ्हांची. एक झटपट, दोन मिनिटांची, म्हणजे पेशंटला "कसं काय, बरं का?" विचारण्यासारखी. दुसरी पूर्ण, एकेका डिस्कला पाच पाच तास, तिच्या कानाकोपऱ्यातला प्रत्येक ठिपका वाचून बघणारी. मी बाराही डिस्का झटपटवरच एका दुपारी उरकल्या. तो न्यायला आला. पिशवी हातात घेऊन त्यानं विचारलं, "ताई, पुरी टेस्ट केली न?"

मी म्हणाले, "हाव."

त्यातली एक डिस्क नांदुऱ्यातल्या गजूभाऊंच्या डब्यात बसली. गजूभाऊंचं सलून. खोळंबलेल्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी कन्सोल ठेवला होता. मोटारींच्या खेळात तिसरी शर्यत उघडताना तो अडकायचा. दरवेळी तिथंच. गिऱ्हाइकं गजूभाऊंची चेष्टा करायला लागली, की तुमची दाढी उरकते पण तुमची गाडी निघत नाही. मिलिंदनं पट्टीची वायर बदलली, पंखा साफ केला, सगळे खेळ पुसून पुन्हा भरले, वीज पुरवणारा भागसुद्धा बदलला. मग त्याला वाटलं, नांदुऱ्याचं व्होल्टेज खराब असेल. म्हणून तो डबा मोटरसायकलला बांधून घाट चढून माझ्या घरी यायला लागला. पाच आठवड्यांत पाच वेळा. माझ्या टीव्हीला जोडायचा, शेंगा फोडायचा, मान हलवायचा. मी त्याला म्हणायचे, "घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. दे गजूभाऊंना दुसरा डबा अन् हो मोकळा." तो म्हणायचा, "सोडू कसं? समजत काऊन नाही हेच समजून नाही राह्यलं." पाचव्या खेपेला मी सहज बोलले, "डिस्क बघितली का?" त्यानं माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. "तेवढीच सोडून सारं पाह्यलं. डिस्क तं तू तपासली न."

तेव्हा बोलायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं... मी उठून चहा टाकायला गेले.

पंधरा दिवसांनी तो आला, डब्याशिवाय. "सापडलं," म्हणाला. "वायर होती, ताई. नवी टाकली तेही खराबच निंघाली." माझ्या डोक्यावरचं ओझं धपकन उतरलं. सुटल्याचा आनंद माणसाला निर्लज्ज करतो. मी लगेच म्हणाले, "मी सांगत नव्हते? आमच्या लॅबच्या डिस्का म्हणजे डिस्का." पुढे लग्नात, बारशाला, चार नातेवाईक जमले की मी ही गोष्ट रंगवून सांगायचे. पाच आठवडे, पाच खेपा आणि निघाली काय, तर वायर. सगळे हसायचे, तोही हसायचा. एक बदल मात्र झाला. त्यानंतर त्यानं मला तो प्रश्न कधी विचारला नाही. ना गॅसचा, ना कुलपाचा. मला वाटलं, पोरगा सुधारला.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी वर्षासोबत दुकान आवरायला गेले. लोकांचे डबे ज्याचे त्याला द्यायचे होते. वर्षानं फळीवरून चपलांचा एक खोका काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत तीन डिस्का, जुन्या पेपरात गुंडाळलेल्या. प्रत्येकीवर पट्टी, त्याच्या बारीक अक्षरात. एकीवर चौदा शेंगा, दुसरीवर एकोणीस. तिसरीवर एकतीस शेंगा, आणि खाली, "गजूभाऊ, तिसरी शर्यत".

"ह्या तुमच्याच डिस्का, ताई," वर्षा म्हणाली. "बाराईतल्या ह्या तीन खराब निंघाल्या. घरी एकेक लावून पुऱ्या टेस्ट केल्या होत्या त्याईनं. बारा दिवस टीव्ही पाहू देला नाही आम्हाले."

"मला तर वायर म्हणाला होता."

वर्षा खोक्याच्या झाकणावरची धूळ पुसत राहिली. "मी म्हटलं होतं, सांगून टाका. तं म्हणे, 'तिनं एकडाव हाव म्हटलं. आता तिच्या तोंडून नाही कायले काढू?'"

खोटं न बोलणारा माणूस होता तो. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, तुमचा डबा गेला, नेऊन फेका. त्यानं आयुष्यात एक खोटं पचवलं ते माझं झाकायला, आणि मी तेच चार चौघांत मिरवलं. त्या पाच खेपांचा आणि त्याच्या जाण्याचा काही संबंध नाही, हे मला समजतं. पण सात आठवडे झाले, मी एका जागी बसू शकलेले नाही. कपाटं आवरते आणि पुन्हा आवरते. चहा करून ओट्यावर विसरते. परवा स्टँडवर गेले, नांदुऱ्याच्या गाडीत चढले आणि गाडी सुटायच्या आत उतरले. कुणाला सांगायला निघाले होते? विचारणारा माणूसच उरलेला नाही.

गेल्या रविवारी लॅब उघडून घेतली. येताना कोपऱ्यावरून शेंगांची पुडी घेतली. एकतीसवाली डिस्क जोडली आणि पूर्ण तपासणीचं बटण दाबलं, दुपारी बाराला. पहिल्या दहा मिनिटांत मी तीनदा उठले. मग खुर्ची भिंतीला टेकवली आणि शेंगा फोडायला घेतल्या, त्याच्यासारख्या, ना घाई ना आळस. मला ती लय येत नाही. माझी शेंग नेहमी आधी संपते. एकसष्ट टक्क्यांवर आकडा थांबला. डिस्कमधून टक्... टक्... असा आवाज येत होता, एकच ठिपका ती पुन्हा पुन्हा वाचून बघत होती. हाच आवाज ऐकत तो बारा दिवस बसला होता. मी उठले नाही. आकडा बऱ्याच वेळानं बासष्ट झाला. पुढं पडद्यावर लाल खुणा उमटत गेल्या, एक, चार, अकरा, मग मी मोजायचं सोडलं. शंभर झाले तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं, पुडी रिकामी झाली होती आणि माझ्या मांडीवर टरफलांचा ढीग होता.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, "हाव, मिलू. पुरी केली."