लग्नातून नवरा काढणे

आमचे शौलमामा इस्राएलात, पेताह तिक्वा गावात लग्नांचं शूटिंग करत. पुढे घटस्फोट झाला की मुलीकडचे यायचे, "नवऱ्याला काढा." फिल्मच्या काळात मामा कात्री चालवत, पण नवऱ्याबरोबर नवरीही जायची. व्हिडिओ आल्यावर ते नवरा दिसेल त्या भागावर दुसरंच काही टेप करत. एका लग्नात अजून मधेच फुटबॉल लागतो. मामा ह्याला प्रगती म्हणत.

मग कॉम्प्युटर आला. मलकामावशीच्या ओरिटचा नवरा मामांनी इतका सफाईने पुसला, की पडद्यावर ओरिट रिकाम्या जागेकडे लाजत चालत निघाली. आम्हा बेने इस्राएलांत नवरी येताना नवरा गातो. ते गाणं तेवढं राहिलं होतं.

"तेही काढा," मावशी म्हणाली.

ओरिट हिब्रूत म्हणाली, "राहू दे. गायचा चांगला."