साडेछत्तीसचे अडतीस

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे 'सिस्टर' म्हणतात. भाजीवाला, पोस्टमन, तिचा स्वतःचा नवरासुद्धा. सख्खी बहीण मी, पण त्या शब्दावर माझाच हक्क राहिलेला नाही.

तिच्या घरी जायचं तर आधी शिकवणी लावावी लागते. कडी काढताना दार जरा उचलायचं. न्हाणीघरातला नळ बंद करून वर कोपराने एक ठोसा द्यायचा. फ्रिजचं दार लागत नाही म्हणून त्याला स्टूल टेकवलेलं. मी दर वेळी चिडते. "अगं, माणूस बोलाव आणि नीट करून घे एकदा!" तर हसते. "ताई, चालतंय ना? तुला माहीत नाही म्हणून तुला त्रास. आम्हाला माहीत आहे."

सांभाळून घेणाऱ्या बाईचं आपल्याकडे कौतुक फार. नवरा तिरसट, सासू हट्टी, नळ गळका, सगळं सांभाळून घेते, म्हणून गुणाची. माझी बहीण या हिशेबाने अव्वल नंबरची गुणाची. तिच्यासारखी मी नाही, हे तिच्या नवऱ्याने मला चारदा तरी ऐकवलंय.

एकोणतीस वर्षं ती इस्पितळात आहे, त्यातली शेवटची बारा नवजात बाळांच्या वॉर्डची प्रमुख. या वॉर्डात सहा काचेच्या पेट्या. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या पोराला स्वतःची ऊब धरता येत नाही, ती पेटी देते. पोटावर एक वायर चिकटवतात. ती अंग किती गरम आहे ते पेटीला सांगते, आणि पेटी त्याप्रमाणे तापते. तुम्ही साडेछत्तीस लावले की पोर साडेछत्तीसवर राहतं. राहायला हवं.

चार नंबरच्या पेटीतलं पोर राहत नसे. तीन वर्षांपूर्वी एका बाळाचे तळवे तिला गार लागले. तिने काखेत थर्मामीटर लावला, मग दुसरा लावला, मग तिसरा. पेटी साडेछत्तीस दाखवत होती आणि पोर पस्तीसवर होतं. वायर दीड अंश जास्त सांगत होती.

यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला तिने बोलावलं. त्याच्या खिशातून कायम पक्कड डोकावत असते म्हणून त्याचं नावच पक्कड. तो म्हणाला, "सिस्टर, लेखी तक्रार द्या. पण सांगून ठेवतो, तक्रार वर गेली की पेटीला सील लागणार. नवी वायर यायला तीन महिने. तोवर पाच पेट्यांवर भागवा."

त्या दिवशी वॉर्डात सात पोरं होती.

"राहू दे मग," ती म्हणाली. "मी सांभाळून घेते."

सांभाळून घेणं सोपं होतं. चार नंबरला साडेछत्तीस हवे असतील तर अडतीस लावायचे. ड्युटी बदलताना प्रत्येक नर्सला हे तोंडी सांगितलं जाई. चार्टवर मात्र साडेछत्तीसच लिहायचे, कारण अडतीस वाचून डॉक्टर घाबरले असते. अडतीसला पेटीचा भोंगा वाजे. त्याच्यावर कापसाचा बोळा ठेवून चिकटपट्टी लावली. आणि रोज सकाळी यंत्रांच्या वहीत चार नंबरसमोर 'ठीक' लिहून सही. सही तिची.

हे सगळं तिने मला माझ्याच टेबलावर, चहा पिता पिता, अभिमानाने सांगितलं होतं. मी सत्तावीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. उपकरणाची मूळ चूक किती हे आधी वहीत न लिहिणाऱ्या पोरांचे प्रयोग मी निर्दयपणे कापले आहेत. आणि त्या दिवशी मी काय म्हणाले? "हुशार आहेस." पुढे जे झालं त्यात या दोन शब्दांचाही वाटा आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

गेल्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. ती दोन दिवस रजा टाकून माझ्याकडे राहिली. डॉक्टरांनी एक कार्ड दिलं, त्यावर डोळ्यात बसवलेल्या लेन्सचा नंबर. मी ते कचऱ्यात टाकणार तेवढ्यात तिने हिसकावलं.

"हे हरवायचं नाही, ताई. उद्या त्या लेन्समध्ये खोट निघाली तर ती कोणाच्या डोळ्यात आहे हे कळायला नको?"

"माझ्या डोळ्यात आहे. आणखी कुठे जाणार आहे ती?"

"तुला कळणार नाही," म्हणत तिने कार्ड माझ्या पाकिटात खोचलं.

त्याच दोन दिवसांत तिकडे इस्पितळात धावपळ होती. पंधरा दिवसांनी तपासणीला बाहेरचे लोक यायचे होते. अधीक्षकांनी पक्कडला फैलावर घेतलं होतं: एकही यंत्र बिघडलेलं दिसता कामा नये. त्याला भांडारात एक नवी वायर सापडली. चार नंबरचं त्याच्या ध्यानात होतंच. सकाळी नऊला आला, दहा मिनिटांत वायर बदलली आणि दारातून ओरडून गेला, "चार नंबर झाली हो!" वॉर्डात कोणी पोरं पुसत होतं, कोणी दूध मोजत होतं. झाली म्हणजे काय झाली, कोणी विचारलं नाही. कागदावर तक्रारच नव्हती, तर दुरुस्तीचा कागद कुठून येणार?

म्हणजे पेटी शहाणी झाली आणि वॉर्डाला पत्ता नाही.

ड्युटीवर एक नवी नर्स होती. नोकरीला चाळीस दिवस झालेले, आवाज बारीक, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणत. दहा वाजता तिने चार नंबरमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं पोर ठेवलं. सात आठवडे आधी आलेलं, नऊ दिवसांचं. शिकवल्याप्रमाणे अडतीस लावले, शिकवल्याप्रमाणे साडेछत्तीस लिहिले. बोळ्याखाली भोंगा काय म्हणत होता ते कोणाला ऐकू येणार?

एक वाजता पोराची काख अडतीस पूर्णांक सहा. चिमणीने धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चार्ट पाहिला. पेटी साडेछत्तीस, पोर अडतीसच्या वर, म्हणजे ताप आतून आलेला, जंतूंचा. रक्त काढलं, पाठीत सुई घातली, औषधं सुरू केली. त्यांनीही काही चुकीचं केलं नाही. समोरचा आकडा खोटा असला की शहाणा माणूससुद्धा शहाणपणाने चुकतो.

पोराच्या आईने पेटीच्या भोकातून हात आत घातला होता. ती म्हणाली, "पेटीच गरम लागतेय हो."

"चार नंबर थंडच असते," चिमणी म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका."

साडेचारला पोराला झटके आले.

बहिणीला माझ्या घरी फोन आला आणि ती तशीच, माझ्या डोळ्यात घालायचे थेंब हातात घेऊन, निघाली. वॉर्डात शिरल्या शिरल्या तिला कळलं. तिने कोणाला काही विचारलं नाही. वायर पांढरी होती. जुनी वायर तपकीर लावणाऱ्याच्या दातांसारखी पिवळी पडलेली, आणि ही पांढरीशुभ्र. तिने पेटीचं दार उघडलं, आकडा खाली आणला. दोन तासांत पोर सदतीसवर आलं. झटके थांबायला दुसरा दिवस उजाडला.

चौकशी बसली. अधीक्षकांसमोर दोन कागद होते. चार्टवर साडेछत्तीस, आणि यंत्राच्या पोटातल्या नोंदीत अडतीस. निष्कर्ष सरळ: नव्या मुलीने आकडा लावताना घोळ घातला. चिमणी रडत म्हणाली, "मला तसंच सांगितलं होतं." कोणी सांगितलं? वॉर्डातल्या सहाही जणींनी फरशी पाहिली. पक्कड म्हणाला, "माझ्याकडे कधी तक्रार आलेली नाही, साहेब. वही बघा. तीन वर्षं ठीक आहे."

आणि माझी बहीण? तीही गप्प बसली. हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरी बैठक आठवड्यानंतर होती. मधल्या रविवारी ती माझ्याकडे आली. जेवली नाही, नुसता भात चिवडत बसली. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मी म्हणाले, "गप्प राहा. ती पोरगी तरुण आहे, तिला दुसरीकडे मिळेल नोकरी."

"नोंदणीच रद्द करतील तिची. मग कुठे मिळेल?"

"आणि तू जी इतकी पोरं वाचवलीस? त्या पेटीवर तीन वर्षं किती जगली, मोजलीस का?"

"ती मोजलीत मी." तिने ताट सरकवलं. "पण एखाद्या पाळीला सांगायचं राहिलं असेल, कोणी नुसते साडेछत्तीसच लावले असतील, आणि पोर अख्खी पाळी गारठत पडलं असेल, अशी किती? दोन गेली, ताई, त्या पेटीतली. अशक्त होती म्हणून गेली असं आम्ही समजलो. असतीलही. ते आता कळायला मार्ग नाही. मी लिहिलंय ठीक."

मी जन्मभर पोरांना खरं लिहायला शिकवलं आणि बहिणीला खोटं जपायला सांगत होते.

दुसऱ्या बैठकीला ती कापडी पिशवीत तीन वह्या घेऊन गेली. चिमणीने मला नंतर सगळं सांगितलं. वह्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "यातलं चार नंबरसमोरचं प्रत्येक ठीक खोटं आहे. सही माझी आहे. अडतीस लावायला या मुलीला मीच शिकवलं."

"सिस्टर, बसा. पाणी घ्या," अधीक्षक म्हणाले. "कशाला अंगावर ओढून घेताय?"

"ओढून कशाला घ्यायला हवंय? अंगावरच आहे. तुम्ही लिहा."

"लिहू सावकाश. परवा तपासणी आहे, कळतंय ना तुम्हाला?"

"म्हणूनच आज लिहा. मी बसते."

आणि बसली. दोन तास. शेवटी लिहून झालं, तिने वाचलं, एका ठिकाणी 'कथित' हा शब्द होता तो खोडायला लावला, आणि खाली सही केली.

निलंबन झालं. पक्कडचंही झालं. चिमणी लेखी समज मिळून नोकरीत राहिली. ती आता माझ्या बहिणीला रस्त्यात भेटली तर थांबते, मग दोघी आपापल्या वाटेने जातात.

तपासणीला आलेल्यांनी सहाही पेट्या खऱ्या मोजमापाने तपासल्या. आणखी दोन पेट्यांच्या अशाच खोडी निघाल्या, तोंडी सांभाळून घेतलेल्या. त्या दोन आणि कागदाविना दुरुस्त झालेली चार नंबर, तिन्हींना लाल सील लागलं. पुढचे अडीच महिने दिवस भरण्याआधीची पोरं गाडीत घालून चाळीस मिनिटांवरच्या दुसऱ्या इस्पितळात न्यावी लागली. त्यातल्या एका पोराचा बाप थेट बहिणीच्या दारात येऊन ओरडला, "चालत होत्या ना पेट्या? तुम्हाला काय पडलं होतं?" ती दारात उभी राहून ऐकत होती.

उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कोणी विचारत नाही. तीन प्रतींतले कागद, सही-शिक्के, सील यांना मीही आयुष्यभर शिव्या घातल्या. मात्र यंत्राची चूक एका बाईच्या डोक्यात ठेवली की ती बाई रजेवर जाते. बहिणीच्या रजेचं कारण माझा मोतीबिंदू होता, एवढंच. दुसरं काहीही चाललं असतं. आणि वायर तीन महिने येत नाही म्हणून सील टाळावं लागतं, त्या तीन महिन्यांवर सही कोणाची? ते चौकशीत कोणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात ती त्या शिवणकामवाल्या बाईकडे गेली. एकटीला धीर नव्हता, म्हणून मी बरोबर. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीला शिलाई मशीन, जमिनीवर कातरणं. पोर सात महिन्यांचं झालेलं, आईच्या कडेवर. डावी मूठ घट्ट मिटलेली. डॉक्टर म्हणतात, आधी जन्मल्यामुळे असेल, त्या दिवशीच्या तापण्यामुळे असेल, सांगता येत नाही.

बहिणीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

"मी म्हटलं होतं, पेटी गरम लागतेय," बाई म्हणाली.

"हो."

"ती म्हणाली थंडच असते."

"तिला मी शिकवलं होतं."

बाई एक पाऊल जवळ आली. मग तिने पोर पुढे केलं. "उघडून दाखवा मूठ."

बहिणीने पोराच्या हाताच्या पाठीवरून बोट हळू फिरवलं. मूठ सैल पडली, क्षणभर उघडली, आणि परत मिटली. अंगठा आत.

"आता जा," बाई म्हणाली.

आम्ही जिना उतरलो. पहिल्या मजल्यावर बहीण थांबली. "अंगठा आत राहतोय, ताई. या वयात बाहेर यायला हवा. आत्ता व्यायाम सुरू केला तर..." तिने पर्समध्ये कागद शोधला, मिळेना. मी माझं पाकीट उघडलं. औषधाची जुनी चिठ्ठी निघाली, लेन्सच्या कार्डाला चिकटलेली.

जिन्याच्या कठड्यावर कागद धरून तिने मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: तारीख, वय, डावा हात, अंगठा आत, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवणे, चार नंबर पेटी, इतके अंश, इतके तास. खाली पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक.

"हे उद्या तुझ्याविरुद्धच वापरतील," मी म्हणाले.

"वापरू देत," ती म्हणाली, आणि दोन मजले परत चढून गेली.