लिंबोणीवरची लिंबे

माघात बोरी गावी माझी पत्नी बाळंतपणात वारली. मूलही गेले.

उन्हाळ्याअखेर परभणीत, निजामाच्या काळची उर्दू जाऊन नुकत्याच मराठी झालेल्या शाळेत माझी बदली झाली. तिने लावलेली लिंबोणी मी निघताना खणून सोबत आणली. ती असताना आलेल्या फुलांची आता हिरवी लिंबे झाली होती. नव्या अंगणात झाडाची पाने गळाली. लिंबे तेवढी लटकत राहिली.

कुंपणाजवळून रोज एक बाई कडब्याचा भारा घेऊन बाजाराकडे जाई. मिश्रीने दात काळे झालेले. कुणाशी बोलायचे झाले तरी डोक्यावरचा भारा ती खाली ठेवत नसे. एके सकाळी तिने तो खाली टाकला, आत आली आणि न विचारता लिंबे तोडू लागली.

"अहो, काय करता! माझ्या बायकोची आठवण आहे ती."

"लिंबं पाह्यजेत का झाड, मास्तर?" तिचा हात थांबला नाही. "मुळं तुटलीत तिची. एवढी लेकरं कशानं पोसावी तिनं? आधी माय जगू द्या. लेकरं मागून व्हतील."

बोरीला त्या दिवशी दाराबाहेर बसलेले सगळे बाळाचेच विचारत होते. हे कुणीच म्हणाले नव्हते.

तिने वाळक्या फांद्या छाटल्या, भोवती कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून सावली केली आणि उरलेला भारा उचलून ती गेली. पुढे तिचे येणे थांबले. नाव विचारायचे राहिले.

आज झाड आहे. लिंबे शेजारी नेतात. लोणचे घालायला घरात कोणी नाही.